प्रवेशापासून पंगतीपर्यंत
निवासी विद्यालयातील विविधता : कोल्हापूरच्या वसतिगृह-परंपरेचा अभ्यास

समाजाच्या कष्टाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या प्रत्येक निवासी विद्यालयाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. एरवी तो सभेत दबक्या आवाजात येतो; प्रवेशाच्या दिवसांत मोठ्याने येतो. "शाळा आपल्या समाजाची. आपल्याच मुलांना जागा अपुऱ्या पडत असताना इतर समाजांची मुले कशासाठी?" त्याच वेळी प्रवेशअर्ज हाती घेऊन उभ्या असलेल्या दुसऱ्या पालकाच्या मनात याच्या उलट प्रश्न असतो. "संस्था बौद्धांची. तेथे आमचे मूल परके तर ठरणार नाही ना?" दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. पहिल्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंचनेची आठवण आहे, दुसऱ्यामागे लेकराची काळजी आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने दोन्ही प्रश्नांचा शांतपणे अभ्यास करावा, असे आम्हांस वाटले.

त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. कळंब्याहून कोल्हापूर शहरात शिरून दसरा चौकापर्यंत गेले, म्हणजे या प्रश्नाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास इमारतींच्या रूपाने समोर उभा राहतो. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, मिस क्लार्क बोर्डिंग ही नावे कोल्हापूरकरांच्या रोजच्या बोलण्यातील आहेत. कोल्हापूरला 'वसतिगृहांची जननी' म्हणतात ते यामुळेच. ही वसतिगृहे जातवार का निघाली, पुढे सर्वांची एकत्र वसतिगृहे कशी झाली आणि या प्रवासातून आज निवासी विद्यालय चालविणाऱ्यांनी काय घ्यावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पहिला प्रयोग : दार उघडे, पण मुले टिकली नाहीत

राजर्षी शाहू महाराजांनी २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. खेड्यापाड्यांतील बहुजन मुलाला शिकायचे तर कोल्हापुरात यावे लागे. आणि कोल्हापुरात येऊन राहायचे कोठे, जेवायचे कोठे, हा शिक्षणाआधीचा प्रश्न होता. फी माफ झाली तरी तो सुटत नव्हता. म्हणून १८९६ च्या सुमारास राजाराम कॉलेजला जोडून एक वसतिगृह सुरू झाले. ते सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी होते. दारावर कोणत्याही जातीला मज्जाव नव्हता.

तरीही काही वर्षांतच तेथे जवळजवळ केवळ ब्राह्मण विद्यार्थी उरले. नियम कोणाच्याही विरुद्ध नव्हता. परंतु व्यवस्थापन, स्वयंपाकघर, सोवळे-ओवळे आणि रोजची वागणूक ही सारी एकाच वर्गाच्या सवयींना धरून होती. कुणब्याच्या किंवा धनगराच्या पोराला तेथे कोणी हाकलले नसेल. पण त्याने ताट घेऊन कोठे बसावे, पाण्याला हात लावावा की नाही, हे रोज त्याला कळत असणार. अशा घरात मूल फार दिवस राहत नाही.

आमच्या मते या विषयाचा पहिला धडा येथे आहे. सर्वांना प्रवेश खुला असणे ही विविधतेची सुरुवात होय. प्रवेशानंतरची व्यवस्था जर कोणी मुद्दाम घडविली नाही, तर ती आपोआप बलवानांच्या सवयींप्रमाणे घडते आणि दुबळी मुले गुपचूप निघून जातात. ती का गेली याची नोंद कोणत्याही रजिस्टरात सापडत नाही.

आधाराची वसतिगृहे

या अनुभवानंतर महाराजांनी मार्ग बदलला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंगची स्थापना झाली. मुस्लिम समाजासाठी १९०६ मध्ये बोर्डिंग झाले आणि त्या संस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. लिंगायत बोर्डिंग १९०७ चे. अस्पृश्य मानलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्यास दिले गेले. पुढे शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिस्ती अशा अनेक समाजांची वसतिगृहे निघत गेली. दरबाराने जागा, इमारती आणि वार्षिक अनुदान द्यावे आणि कारभार त्या त्या समाजातील कार्यकर्त्यांनी पाहावा, अशी सामान्यतः पद्धत होती.

जातिभेद मोडू पाहणाऱ्या राजाने जातवार वसतिगृहे काढली, यात विसंगती आहे, असा आक्षेप त्या काळीही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. परंतु १८९६ चा अनुभव ध्यानात घेतला की त्यामागील विचार उमगतो. ज्या मुलाने शाळेची पायरीही पाहिलेली नाही, त्याला प्रथम असे एक घर हवे होते, की जेथे त्याच्या बोलण्याला कोणी हसणार नाही आणि ताटाला कोणी नाक मुरडणार नाही. शिवाय प्रत्येक समाजाला स्वतःची संस्था चालविण्याचा, हिशेब ठेवण्याचा, वर्गणी जमविण्याचा अनुभव मिळाला. नोकरीतील पन्नास टक्के राखीव जागांचा २६ जुलै १९०२ चा हुकूमनामा आणि ही वसतिगृहे हे एकाच विचाराचे दोन हात होते. जागा राखून ठेवायच्या, तर त्या जागांवर बसणारी माणसे घडली पाहिजेत, आणि त्यासाठी त्यांना शहरात राहून शिकता आले पाहिजे.

महाराज मात्र वेगळ्या घरांवर थांबले नाहीत, हेही नोंदविले पाहिजे. सप्टेंबर १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत बसविण्याचा आदेश दिला. गंगाराम कांबळे यांना कोल्हापुरात चहाचे दुकान काढण्यास साहाय्य करून महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेत असत, ही हकिगत सर्वश्रुत आहे. एका बाजूला आधाराचे वेगळे घर आणि दुसऱ्या बाजूला एकत्र बसणे, एकत्र पिणे, हे दोन्ही ते एकाच काळात करीत होते. मार्च १९२० मध्ये माणगाव येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी तरुण डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचे जाहीर स्वागत केले, तेही याच काळात.

काले ते सातारा : एकच चूल

आधाराच्या वसतिगृहांची मर्यादा त्यांच्यातच राहिलेल्या एका विद्यार्थ्याला जाणवली. भाऊराव पायगोंडा पाटील हे कुंभोजचे. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत. त्यांचे चरित्रकार सांगतात, की मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी शुद्धीचे स्नान करण्यास नकार दिला आणि त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे महाराजांनी त्यांच्या राहण्याची सोय केली.

ही घटना बारकाईने पाहण्यासारखी आहे. ज्या राजाच्या साहाय्याने दोन्ही वसतिगृहे चालत, त्याच्याच राजधानीत एका वसतिगृहातील मुलाने दुसऱ्याच्या दाराशी जाऊन येणे हा अपराध ठरला. वेगळ्या घरांनी मुलांना उभे केले, पण त्या घरांच्या मधल्या भिंती जशाच्या तशा राहिल्या होत्या. त्या ओलांडण्यासाठी निराळ्या रचनेची गरज होती.

भाऊरावांनी ती रचना केली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी सातारा जिल्ह्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी वसतिगृह सुरू केले. पुढे धनिणीच्या बागेत ते बहरले. मराठा, महार, मांग, जैन, मुस्लिम, रामोशी अशा सर्व समाजांची मुले तेथे एका छपराखाली राहत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. ज्या राजाने जातवार वसतिगृहे काढली, त्याचेच नाव सर्व जातींच्या एकत्र वसतिगृहाला मिळाले. भाऊरावांना त्यात विसंगती दिसली नाही, आम्हांसही दिसत नाही. ती एकाच रस्त्यावरील पुढची पायरी होती.

साताऱ्यातील मुले एकत्र राहत, एवढेच सांगणे पुरेसे नाही. कामांची वाटणी कशी होती हे पाहणे अधिक महत्त्वाचे. मुलेच स्वयंपाक करीत, पाणी भरीत, झाडलोट करीत, शेतात राबत. जातीवरून कामे वाटलेली नव्हती. धान्य घरोघरच्या मुष्टिफंडातून येई. म्हणजे मूठभर ज्वारी कोणत्या घरची आणि ती खाणारे मूल कोणत्या घरचे, याचा हिशेब राहतच नसे. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडून मुलांना जेवू घातले. स्वतः परंपरानिष्ठ घरात वाढलेल्या या माउलीने सर्व जातींच्या लेकरांना एकाच चुलीवरचे वाढले. ३० मार्च १९३० रोजी त्यांचे निधन झाले. रयतचा इतिहास सांगताना आपण कर्मवीरांचे नाव घेतो; परंतु पंगत एक करण्याचे काम स्वयंपाकघरात घडले आणि ते एका स्त्रीने पेलले, हे विसरता कामा नये.

पुणे करारानंतर १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. 'कमवा आणि शिका' ही योजना येथून महाराष्ट्रभर पसरली. तिच्याकडे आपण सहसा गरिबांसाठीची आर्थिक सोय म्हणून पाहतो. सर्व मुलांनी सारखेच श्रम केले म्हणजे श्रमाला चिकटलेली जात सुटते, हा तिचा दुसरा अर्थही तितकाच मोलाचा आहे.

बाबासाहेबांची दुहेरी दृष्टी

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शैक्षणिक कार्यातही आधार आणि सहवास हे दोन्ही धागे दिसतात. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूर येथे विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. ज्यांना शहरात कोणी खोली देत नव्हते, त्यांच्यासाठी तो हक्काचा निवारा होता.

पुढे ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिच्या वतीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला पुढे 'मिलिंद' या नावाने प्रसिद्ध झालेले महाविद्यालय सुरू झाले. तोपर्यंत बाबासाहेबांजवळ देशभर मान होता, समाजाची अपार श्रद्धा होती. त्यांनी ठरविले असते तर केवळ आपल्या समाजापुरती महाविद्यालये त्यांना काढता आली असती. त्यांनी ती सर्वांसाठी खुली ठेवली. प्राध्यापक निवडतानाही जात पाहिली नाही. मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस हे अस्पृश्य समाजातील नव्हते. त्याच वेळी मराठवाड्याच्या खेड्यांतून येणाऱ्या दलित विद्यार्थ्यांसाठी नागसेनवनात वसतिगृहांची सोय होती. महाविद्यालय सर्वांचे, आणि ज्याला पाठबळ नाही त्याला हक्काचे छप्पर, अशी ती मांडणी होती. नागसेनवनातून घडलेल्या लेखकांनी आणि कार्यकर्त्यांनी मराठी साहित्याचा व समाजकारणाचा चेहरा कसा बदलला, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

भारतीय संविधानातही हाच तोल सांभाळलेला आहे. अनुच्छेद ३० अन्वये धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या आवडीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार आहे. परंतु अनुच्छेद २९(२) सांगतो, की राज्याच्या निधीतून साहाय्य घेणाऱ्या संस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कोणासही प्रवेश नाकारता येणार नाही. आणि अनुच्छेद २८(३) नुसार, शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेतील विद्यार्थ्यास त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणास किंवा उपासनेस उपस्थित राहावयास लावता येत नाही. संस्था आपली असू शकते. तिच्यातील मूल मात्र आधी भारताचे नागरिक असते. लेखाच्या आरंभी ज्या दुसऱ्या पालकाचा प्रश्न मांडला, त्याचे पहिले उत्तर येथे आहे.

एकत्र राहिल्याने मन बदलते काय?

मुले एका खोलीत ठेवली म्हणजे त्यांच्यातील दुरावा आपोआप मिटतो, हा समज भाबडा आहे. कधीकधी तो वाढतोही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रहांविषयीच्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाचा ऊहापोह केला. दोन गटांच्या सहवासातून पूर्वग्रह कमी व्हावयाचे असतील, तर चार गोष्टी जुळाव्या लागतात, असे त्यांनी मांडले. सहवासात दोन्ही बाजूंचा दर्जा समान असावा. दोघांचे उद्दिष्ट एक असावे. ते गाठण्यासाठी एकमेकांच्या मदतीची गरज पडावी. आणि या साऱ्याला वडीलधाऱ्यांचा, नियमांचा, संस्थेचा उघड पाठिंबा असावा.

या चार अटी समोर ठेवून साताऱ्याच्या बोर्डिंगकडे पाहिले, तर आश्चर्य वाटते. एकच पंगत हा समान दर्जा. शिकून उभे राहणे हे एकच उद्दिष्ट. विहिरीचे पाणी, शेतातील पीक आणि चुलीवरचा स्वयंपाक ही एकमेकांच्या मदतीवाचून न होणारी कामे. आणि पाठीशी कर्मवीरांसारखा करारी माणूस. ग्रंथ लिहिला जाण्यापूर्वी तीस वर्षे ही शिकवण महाराष्ट्रात आचरणात आलेली होती. १८९६ च्या वसतिगृहात यांतील पहिली आणि शेवटची अट नव्हती. म्हणून तेथे बहुजन मुले टिकली नाहीत.

अलीकडील दोन भारतीय अभ्यासही येथे उपयुक्त आहेत. दिल्लीतील श्रीमंतांच्या काही खासगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांसाठी ठरावीक जागा ठेवाव्या लागल्या. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी या शाळांतील मुलांचा अभ्यास केला. गरीब वर्गमित्रांबरोबर शिकलेली श्रीमंत मुले अधिक उदार झाली आणि धावण्याच्या शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलाला गरिबीवरून डावलण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी आढळले. त्यांच्या अभ्यासाचे मोठे नुकसान झाल्याचेही दिसले नाही. दुसरा अभ्यास मॅट लो यांचा. उत्तर प्रदेशातील खेड्यांत त्यांनी तरुणांचे क्रिकेट सामने भरविले. ज्या संघांत वेगवेगळ्या जातींचे खेळाडू एकत्र खेळले, तेथे जातीपलीकडची मैत्री वाढली. ज्यांची गाठ केवळ प्रतिस्पर्धी म्हणून पडली, त्यांच्यात तसे घडले नाही. काही बाबतींत अंतर वाढलेच. खेळाचे मैदान तेच, चेंडू तोच. कोण कोणाच्या बाजूने उभा आहे, यावर सारे अवलंबून होते.

संघातील क्रम

आपल्या परंपरेत या विचाराचे मूळ अधिक खोल आहे. विनयपिटकात उपालीची कथा येते. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद आदी शाक्य तरुण प्रव्रज्या घेण्यासाठी अनुपियाला तथागतांकडे आले. त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. आम्हां शाक्यांना कुळाचा गर्व आहे, तेव्हा उपालीला आमच्याआधी प्रव्रज्या द्यावी, अशी विनंती त्यांनीच केली. तसे झाले. संघात ज्येष्ठत्व प्रव्रज्येच्या काळावरून ठरते. त्यामुळे काल ज्याच्याकडून सेवा घेतली, त्याला आज वंदन करणे त्या राजपुत्रांना प्राप्त झाले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे संगायन उपालीनेच केले.

उपालीला संघात घेतले, एवढ्यावर कथा थांबली असती, तर ती दयेची कथा झाली असती. तिचे महत्त्व क्रमात आहे. रांगेत कोण पुढे उभा राहील, हे जन्मावर सोडले नाही. त्यासाठी सर्वांना लागू होणारा एक नियम ठेवला. निवासी विद्यालयातील गृहपालाने, मुख्याध्यापकाने आणि शिक्षकाने ही कथा पुन्हा पुन्हा वाचावी, असे आम्हांस वाटते.

आपल्या विद्यालयांसाठी

आता या अभ्यासाचा व्यवहारात काय उपयोग, ते पाहू. पुढील सूचना बौद्ध समाजाच्या वतीने चालणाऱ्या कोणत्याही निवासी विद्यालयास लागू पडतील.

पहिली गोष्ट खोल्यांची. मुलांना आपापले गाववाले आणि नातलग यांच्याबरोबर राहावेसे वाटते, आणि नव्या मुलाला पहिले काही आठवडे ओळखीच्या चेहऱ्याचा आधार लागतोही. तो द्यावा. परंतु खोल्या कायमच्या तशाच राहिल्या, तर एका छपराखाली पाच-सहा वेगळी बोर्डिंगे तयार होतात. सत्र बदलताना खोल्या बदलाव्यात आणि त्या कोणाच्या शब्दाने न बदलता ठरलेल्या नियमाने बदलाव्यात.

दुसरी गोष्ट कामांची. झाडलोट, वाढप, पाणी आणि स्वच्छतागृहाची सफाई यांची पाळी प्रत्येकावर आली पाहिजे. पैसे भरून पाळी चुकविण्याची सवलत कोणालाही नसावी. एकदा का एखादे काम ठरावीक मुलांच्या गळ्यात पडले, की जात मागील दाराने आत आली, असे समजावे.

तिसरी गोष्ट ताटाची. कोल्हापूर हा तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा मुलूख. त्याच मातीत कांदा-लसूण वर्ज्य मानणारी जैन घरेही आहेत आणि रमजानचे रोजे ठेवणारी मुलेही. एक पंगत म्हणजे सर्वांच्या ताटात एकच पदार्थ, असा अर्थ करू नये. ज्याला जे चालत नाही ते त्याला वाढू नये. पण त्यासाठी त्याला वेगळ्या ओळीत बसवू नये. सहरीच्या वेळी एका मुलासाठी स्वयंपाकघराचा दिवा लागला, तर त्यातून बाकीच्या मुलांना मिळणारे शिक्षण एखाद्या व्याख्यानाहून मोठे असते.

चौथी गोष्ट बोलीची. सीमाभागातील मुलाच्या मराठीत कन्नड डोकावते, चंदगडच्या मुलाच्या बोलण्यात कोकणीची लय असते, तांड्यावरून आलेले मूल घरी गोरमाटी बोलते. वर्गात पहिल्यांदा तोंड उघडल्यावर हशा पिकला, तर ते मूल वर्षभर पुन्हा हात वर करीत नाही. प्रमाण मराठी शिकवावीच. परंतु ती शिकविताना घरची बोली चुकीची ठरवू नये. तिच्यातील म्हणी, ओव्या, कथा यांना स्नेहसंमेलनात हक्काची जागा द्यावी.

पाचवी गोष्ट नोंदवहीची. शिष्यवृत्तीच्या याद्या जातीच्या मथळ्याखाली वर्गात मोठ्याने वाचण्याची पद्धत अनेक ठिकाणी अजून आढळते. शिष्यवृत्ती हा त्या मुलाचा हक्क आहे. तो उपकार म्हणून चारचौघांत जाहीर होता कामा नये. ते काम कार्यालयात, नाव घेऊन, शांतपणे व्हावे.

सहावी गोष्ट वंदनेची. आपल्या विद्यालयात त्रिशरण-पंचशील होणारच. ती संस्थेची ओळख आहे आणि तिचा संकोच करण्याचे कारण नाही. मात्र इतर धर्मांच्या पालकांना प्रवेशाच्या वेळीच हे स्पष्ट सांगावे आणि त्यांची संमती-असंमती मनापासून मान्य करावी. जे मूल वंदनेत बसत नाही, त्याच्यासाठी त्या वेळेत वाचनाची जागा असावी आणि त्याबद्दल कोणीही त्याला प्रश्न विचारू नये. स्वतः येऊन पाहा आणि मग स्वीकारा, असे सांगणाऱ्या धम्माला सक्ती शोभत नाही.

सातवी गोष्ट संघांची. कबड्डी असो, नाटक असो वा विज्ञान प्रदर्शन, गट पाडताना गावे, खोल्या आणि समाज मिसळावेत. वर उल्लेखिलेला क्रिकेटचा अभ्यास हेच सांगतो. जवाहर नवोदय विद्यालयांनी हा विचार देशपातळीवर नेला आहे. १९८५-८६ मध्ये झज्जर आणि आपल्याच अमरावती येथे पहिली दोन विद्यालये निघाली. आज कोल्हापूर जिल्ह्यातही कागलला असे विद्यालय आहे. तेथे हिंदी भाषक आणि अन्य भाषक प्रदेशांतील विद्यालये नववीच्या सुमारे तीस टक्के विद्यार्थ्यांची एक वर्षासाठी अदलाबदल करतात. परक्या मुलखात एक वर्ष काढलेले मूल पुढे आयुष्यभर कोणाला सहज परके म्हणू शकत नाही.

आणि मुलींविषयी. आपण ज्या वसतिगृहांचा इतिहास पाहिला, ती बहुतेक मुलांचीच होती. आज कोणत्याही समाजाच्या निवासी विद्यालयाने आपली विविधता मोजताना मुलींच्या खाटा प्रथम मोजाव्यात. मुलीला दूर ठेवण्याचे धाडस पालक करतात ते अधीक्षिकेकडे, कुंपणाकडे आणि स्वच्छतागृहाच्या कडीकडे पाहून. आपल्या घोषणा ऐकून नव्हे.

आपल्या माणसांशी दोन शब्द

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. आपल्याच मुलांना जागा अपुऱ्या असताना इतरांची मुले कशासाठी? यातील वेदना आम्ही नाकारीत नाही. ज्या मुलाच्या घरी अभ्यासाला दिवा नाही, त्याचा हक्क पहिला, हे सूत्र राजर्षींपासून बाबासाहेबांपर्यंत सर्वांनी पाळले आणि आपणही पाळले पाहिजे. ऊसतोडणीला जाणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या, एकट्या आईच्या जिवावर शिकणाऱ्या मुलासाठी जागा राखलीच पाहिजे. परंतु असे मूल बौद्ध घरात असते, तसे ते मातंग, धनगर, मुस्लिम आणि मराठा घरातही असते.

दुसरे असे, की आपले मूल कायम आपल्यातच राहणार नाही. उद्या ते पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयात, कारखान्यात, बँकेत, न्यायालयात जाईल. तेथे त्याच्याशेजारी सर्व समाजांची माणसे असतील आणि त्यांतील काहींच्या मनात पूर्वग्रहही असतील. ज्याने लहानपणी इतर समाजांच्या मुलांबरोबर बरोबरीच्या नात्याने एक ताट, एक झाडू आणि एक बाक वाटून घेतला आहे, ते मूल तेथे दबून जाणार नाही आणि विनाकारण चिडणारही नाही. त्याला समता ऐकून माहीत नसेल, जगून माहीत असेल. आणि शेजारच्या खाटेवर वाढलेले दुसऱ्या समाजाचे मूल आपल्या घरी जाऊन जे सांगेल, ते आपल्या शंभर सभांनी साधणार नाही. ज्यांच्या पूर्वजांना पंगतीत जागा नव्हती, त्यांनी आज स्वतःच्या कष्टाची पंगत सर्वांसाठी मांडावी, यात आम्हांस समाजाचे नुकसान दिसत नाही. त्याची उंची दिसते.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. देणगी जरूर द्यावी; तिच्यावाचून संस्था चालत नाहीत. त्याबरोबरच आपल्या खोलीतील, आपल्या पंगतीतील, दुसऱ्या समाजाच्या त्या मित्राला किंवा मैत्रिणीला शोधून काढावे आणि पुढील मेळाव्यास दोघांनी मिळून यावे. वसतिगृहातील मुलांना व्यासपीठावर एकत्र बसलेले असे दोघे दिसले, म्हणजे त्यांना आपल्या शेजारच्या खाटेकडे पाहण्याची नवी दृष्टी मिळेल.